सोनिकाच्या सात ओळी

पुणे, १२ जानेवारी २०२५

सोनिकाताई,

फोन केला नाही, कारण तुझ्या घरी माझा फोन आला की मावशी तो स्पीकरवर टाकते आणि मावसाजींपासून शेजारच्या निर्मलाबाईंपर्यंत सगळी अर्जुनी मोरगाव ऐकायला बसते. आणि आपल्या 'परख'च्या पानावर काही लिहावं तर तिथं इंग्रजीत लिहावं लागतं आणि सारं जग वाचतं. म्हणून हे पत्र, मेलनं.

बातमी अशी की एक मार्चला बंगळूरूला गो या संगणकभाषेत काम करणाऱ्यांचं मोठं संमेलन आहे. त्यात बोलण्यासाठी मी नाव दिलं होतं. निवड झाली! अर्धा तास मिळाला आहे. विषय आपली परख, आणि त्यातही नेमका एक प्रश्न: 'निल', म्हणजे 'काहीच नाही', हे सुरक्षितपणे कसं ओळखायचं.

आईला समजावताना नाकी नऊ आले. म्हटलं, लोक प्रोग्राम लिहितात. तो बरोबर चालतो की नाही हे तपासायला ते आणखी एक छोटा प्रोग्राम लिहितात, त्याला टेस्ट म्हणतात. ती टेस्ट लिहायला जी हत्यारं लागतात ती मी आणि सोनिकाताई गोंदियाच्या हॉस्टेलवर असल्यापासून बनवतो, तीच परख, आणि सगळ्यांना फुकट देतो. तर ती म्हणाली, "फुकट काऊन देता वो? माणसं कामाची नाही राहिली काय?" झालं समजावणं.

भाषणाच्या आधी आपल्या त्या 'रिकामं आहे का'वाल्या तपासणीचा भाग मी नव्यानं लिहिणार आहे. आठ वर्षांचा नियम आहेच, एकीचं लिहिलेलं दुसरीनं तपासल्याशिवाय आत जायचं नाही. लिहून झालं की पाठवते.

तू खूश आहेस ना?

तुझी
रुचि

•

अर्जुनी मोरगाव, १५ जानेवारी २०२५

रुचि,

अभिनंदन. हे एकदा लिहून टाकलं, आता खरं लिहिते. पोटात दुखायला लागलं आहे आणि हे ओवा खाऊन थांबणारं दुखणं नाही.

तुझी बातमी मला तुझ्या पत्राच्या आधी कळली. तुझ्या आईनं, तुलसा मावशीनं, सडक अर्जुनीहून माझ्या आईला फोन केला, आईनं स्पीकरवर टाकला. फोन ठेवल्यावर आई मला म्हणाली, "पाहा, रुचिनं नाव काढलन. तू बसून राहा खोलीत डबा पाहत." डबा म्हणजे माझा लॅपटॉप. त्याच डब्यावर मी नागपूरच्या कंपनीचं काम करते आणि त्याच डब्यावर परखची निम्मी कामं होतात, पण आईला वाटतं की बाबांच्या लकव्यापायी मी पुणं सोडून आले तेव्हाच माझं शिक्षण संपलं. सहा वर्षं झाली त्याला. तेव्हा मी आले नसते तर कोण आलं असतं ते मी विचारत नाही. मी एकटीच आहे.

निलबद्दल तू बोलणार आहेस. बोल. फक्त हे लक्षात ठेव की ही भानगड मी पकडली होती. २०२३ च्या पोळ्याच्या आदल्या दिवशी, कंपनीच्या कामात, जेव्हा परखनं मला छातीठोकपणे सांगितलं की 'वस्तू आहे' आणि वस्तू नव्हतीच. मीच तुला तेव्हा धानाच्या पोत्याचं उदाहरण देऊन सांगितलं होतं. बारदान्याला चिट्ठी लावली, तोंड शिवलं, म्हणून आत धान असतंच असं नाही. पण गो भाषा चिट्ठी वाचते आणि म्हणते, पोतं आहे, म्हणजे रिकामं कसं असेल? आपली परखही तेच म्हणत होती. हे पोतं तू बंगळूरूला नेणार असशील तर ते कोणाच्या बांधावरचं आहे ते सांगशील, एवढी अपेक्षा आहे.

मी नाव दिलं नव्हतं. मी कायले देऊ? उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकून झाले आहेत, पुढच्या महिन्यात रोपांची रोवणी आहे. बाबांना दिवसातून चार वेळा उठवून बसवावं लागतं. मला कुठं जायला जमतं.

खूश आहे का विचारलंस. आहे. दात-ओठ खाऊन आहे.

सोनिका

•

पुणे, २ फेब्रुवारी २०२५

सोनिकाताई,

तुझं पत्र वाचून हसले आणि मग थोडं वाईटही वाटलं. तू नाव द्यायला हवं होतंस. दोघींची निवड झाली असती तर किती मजा आली असती.

नवा भाग लिहून झाला, सोबत पाठवते. कल्पना सोपी आहे, तुझ्याच भाषेत सांगते. आता परख चिट्ठीवर विश्वास ठेवत नाही. जे पोतं येईल त्याची शिवण सोडते, आत हात घालते आणि मग सांगते की रिकामं की भरलेलं. मी सगळ्या तऱ्हेची पोती देऊन पाहिली, रिकामी, अर्धी, पोत्यात पोतं. एकदाही चुकली नाही.

आणि भाषणात मी एक धाडस करणार आहे. शेवटची दहा मिनिटं प्रेक्षकांनी काहीही ओरडून सांगायचं, आणि मी ते तिथल्या तिथं, सगळ्यांसमोर परखला द्यायचं. तीनशे माणसं असतील. आमच्या कंपनीतले दोन मोठे साहेबही येणार आहेत. नवी टीम कोणाच्या हाती द्यायची ते त्यानंतर ठरणार, असं कानावर आहे.

शेवटच्या स्लाइडवर आभार आहेत. त्यात तुझं नाव पहिलं घातलं आहे.

लवकर बघून दे गं. तुझं 'टाक' आल्याशिवाय मी टाकणार नाही.

रुचि

•

(न पाठवलेला मसुदा)

अर्जुनी मोरगाव, ३ फेब्रुवारी २०२५

रुचि,

थांब, टाकू नकोस. मोठं भोक आहे.

तू सगळी पोतीच दिलीस. कोणी वीट आणून ठेवली तर? साधा आकडा. पाच. विटेला शिवण नसते, आणि तुझी परख तिची शिवण सोडायला जाते. अशा वेळी गो नुसतं 'जमत नाही' म्हणत नाही, जागच्या जागी कोसळतं, आणि त्या एका टेस्टसोबत पुढच्या सगळ्या टेस्ट बंद पडतात. मी आत्ता देऊन पाहिला आकडा. दुसऱ्या सेकंदाला सगळं बंद.

आणि तू तीनशे माणसांना 'काहीही ओरडा' म्हणणार आहेस! पहिल्या मिनिटात कोणीतरी आकडा ओरडेल. परख तुझ्या साहेबांसमोर भुईसपाट होईल.

इलाज सोपा आहे. आधी विचारायचं, ही वस्तू रिकामी असू शकते अशा जातीची आहे का? असेल तरच शिवण सोडायची. नसेल तर सरळ सांगायचं, ही रिकामी नाही. सात ओळींचं

•

अर्जुनी मोरगाव, ३ फेब्रुवारी २०२५

रुचि,

बघितलं. छान आहे. टाक.

सोनिका

•

पुणे, ९ फेब्रुवारी २०२५

ताई,

तुझं 'टाक' मिळालं. टाकलं.

एवढंसं पत्र तू कधी लिहीत नाहीस. मागे मी एक स्वल्पविराम चुकवला होता तेव्हा तू दोन पानं लिहिली होतीस, आणि त्यातली एक नुसती शिव्यांची होती. म्हणून परत विचारते, काही राहिलं नाही ना? तुला काही दिसलं असेल, अगदी बारीकसं, तरी सांग. अजून वीस दिवस आहेत. मला काही वाईट वाटणार नाही.

मावसाजी कसे आहेत? पाय हलवतात का?

रुचि

•

अर्जुनी मोरगाव, ११ फेब्रुवारी २०२५

रुचि,

बाबा बरे आहेत. उजव्या पायाचा अंगठा हलवून दाखवतात आणि मग दिवसभर आल्यागेल्याला तेच सांगतात.

काही राहिलं नाही. किती वेळा लिहू? दहा जणांकडून 'छान, छान' ऐकून पोट भरलं नाही म्हणून माझ्याकडून आणखी एकदा हवं आहे काय? घे. छान, छान, छान.

आता तू विचारलंच आहेस तर माझं काय राहिलं ते सांगते. आभार! आभार कोणाचे मानतात, रुचि? मंडपवाल्याचे. लाउडस्पीकरवाल्याचे. ज्याच्या ओसरीवर जेवणावळ झाली त्याचे. परख दोघींची आहे. आठ वर्षांपूर्वी हॉस्टेलच्या गच्चीवर लोखंडी टाकीला टेकून आपण पहिली ओळ लिहिली, तेव्हा लॅपटॉप एकच होता आणि तो माझा होता. आणि आता तू व्याख्याती आणि मी मंडपवाली.

गावात काय चाललं आहे तेही ऐक. निर्मलाबाई मला दळणाच्या चक्कीवर भेटल्या. म्हणाल्या, "तुही बहीण तं लय मोठी झाली म्हणतात. तू पण तेच शिकली होती ना? मंग तुहं काऊन नाही झालं?" मी म्हटलं, माझं झालं आहे, पण तुम्हांला दिसत नाही. त्या म्हणाल्या, "हो का?" आणि पिठाचा डबा उचलून चालू लागल्या.

तुझ्यावर राग नाही असं लिहिणार होते. खोटं कशाला लिहू? सकाळी उठल्यापासून तुझा विचार येतो आणि तो काही चांगला नसतो.

सोनिका

•

पुणे, १९ फेब्रुवारी २०२५

सोनिकाताई,

तुझं पत्र आठ दिवसांत चारदा वाचलं. आभाराचं तू म्हणतेस ते खरं आहे. मी विचार केला नव्हता.

तू बंगळूरूला ये. मी तिकीट काढून ठेवलं आहे, सत्तावीसला संध्याकाळी नागपूरहून. मावसाजींकडे चार दिवस माझी आई येऊन राहील, मी तिच्याशी बोलले आहे. तू पहिल्या रांगेत बस. तिथं, माझ्या भाषणाच्या आधी, काही सांगायचं असेल तर समोरासमोर सांग. पत्रात काही गोष्टी लिहिता येत नाहीत हे मला समजतं.

ये गं.

रुचि

•

अर्जुनी मोरगाव, २१ फेब्रुवारी २०२५

रुचि,

तिकीट परत कर. टाळ्या वाजवायला माणसं कमी पडत असतील तर तिथलीच शोध.

रोवणी सुरू आहे. बाया मिळत नाहीत, मी आणि आई दोघी बांधीत चिखलात उतरतो.

सोनिका

•

अर्जुनी मोरगाव, २८ फेब्रुवारी २०२५, सकाळ

रुचि,

हे पत्र आल्याबरोबर वाच. चहा नंतर घे.

परवा महाशिवरात्रीला आईला घेऊन प्रतापगडच्या जत्रेला गेले होते. तुलसा मावशीही सडक अर्जुनीहून आली होती. पायऱ्यांवर ही गर्दी, उन्हाचा तडाखा, आणि त्यात मावशी भेटेल त्याला थांबवून सांगत होती, माझी पोरगी शनिवारी बंगळूरूत भाषण देणार आहे. बेल-फूलवाल्यालाही सांगितलं. मी मागून चालत होते आणि मनात म्हणत होते, सांगा, सांगा, शनिवारी संध्याकाळी तोंड लपवायला जागा शोधाल. हो, हे मी म्हटलं. महादेवाच्या पायरीवर उभी राहून म्हटलं.

वर पोचल्यावर मावशी धापा टाकत एका दगडावर बसली आणि माझा हात धरून म्हणाली, "मले काही चिंता नाही बाप्पा. रुचि म्हणत होती, सोनिकाताईनं पाहिलन आहे, आता त्यात काही चूक नसन." आणि माझ्या हातावर प्रसादाचा खडीसाखरेचा खडा ठेवला.  मी तो खाल्ला नाही, मुठीत धरून पायथ्याशी आले.

काल दिवसभर या पत्राची सुरुवात करत होते. आता लिहिते.

तुझ्या कोडमध्ये भोक आहे. मला ते तीन तारखेलाच दिसलं होतं. परखला साधा आकडा देऊन बघ. कोसळेल. तू सगळी पोतीच दिलीस, वीट दिलीच नाहीस. उद्या तुझ्या त्या तीनशे माणसांपैकी कोणीतरी पहिल्या मिनिटाला आकडा ओरडणार आणि तू सगळ्यांसमोर पडणार. मला हे माहीत होतं आणि तरी मी 'टाक' लिहिलं. तू परत विचारलंस तेव्हा 'काही राहिलं नाही' लिहिलं. चुकून नाही. समजून-उमजून.

सोबत दुरुस्ती जोडली आहे. सात ओळी आहेत. आधी वस्तूची जात विचारायची. पॉइंटर, मॅप, स्लाइस असल्या, म्हणजे रिकाम्या असू शकतील अशा जातीची असेल तरच आत बघायचं. नसेल तर 'रिकामी नाही' म्हणून मोकळं व्हायचं. मी आकडा, शब्द, खरं-खोटं, सगळं देऊन पाहिलं आहे. पोत्याशिवायचं, उघडं निल देऊनही पाहिलं. कोसळत नाही. तेवढी जागा बदल, बाकी काहीही हलवू नकोस.

आणखी एक. मी म्हटलं होतं की मी नाव दिलं नव्हतं. दिलं होतं. त्याच संमेलनाला, ह्याच विषयावर. फॉर्मवर पोत्याचंच उदाहरण लिहिलं होतं. डिसेंबरात मला त्यांचं 'नाही' आलं आणि जानेवारीत तुझं पत्र आलं, की तुला 'हो' आलं. मी ते पत्र फोनवर घेऊन गोठ्यात जाऊन बसले होते, कारण घरात रडायला जागा नाही.

हे कारण म्हणून सांगत नाही. दुखलं कुठं तेवढं सांगते. हे वाचून तू मला काय म्हणायचं ते म्हण, पण आधी त्या सात ओळी टाक. वाचलंस एवढं तरी कळव. मी फोन हातात घेऊन बसले आहे, आणि आज स्पीकरवर टाकू देणार नाही.

सोनिका

•

पुणे, ४ मार्च २०२५

सोनिकाताई,

मी तुला अठ्ठावीसला उत्तर दिलं नाही, एकलाही दिलं नाही. मुद्दाम. तू चार दिवस फोन हातात घेऊन बसावंस असं मला वाटत होतं. आता सांगते.

भोक मला माहीत होतं. तीन फेब्रुवारीपासून.

दुपारी तुझं 'टाक' आलं आणि संध्याकाळी परखच्या तुझ्या कॉपीत त्याच भागाची दुरुस्ती चढली. तुझा जुना लॅपटॉप बिघडून महिन्याचं काम गेलं तेव्हापासून तू रोज दिवाबत्तीच्या वेळी जे काही लिहिलेलं असेल ते इंटरनेटवर चढवून ठेवतेस. त्या दिवशीही चढवलंस. माझ्यापासून लपवलंस आणि जगाला उघडं करून ठेवलंस. सात ओळी, वर टेस्टही लिहिलेली: 'वीट दिली तर कोसळू नये'. ताई, तुला भोक उघडं ठेवून बसता येतच नाही. मला पाडायचं होतं तेव्हासुद्धा तू ते आधी बुजवलंस.

तू विचारशील, तुझ्या कॉपीकडे कोण बघतं? मी बघते. रोज. सकाळी दात घासताना. तू काय करून राहिली ते पाहिल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. जे शोधायला मला आठवडा लागतो ते तू रोवणीहून येऊन पाय धुवायच्या आत शोधतेस. मी पुण्यात राहून, चार चांगल्या माणसांबरोबर बसून, अजून तुझ्या मागे आहे. हे आईला माहीत नाही, साहेबांना माहीत नाही, मला माहीत आहे. तुला वाटतं जळतेस ती तू एकटीच?

तेव्हा मी सरळ विचारायला हवं होतं, 'ताई, असं का केलंस?' एका फोनचं काम होतं. नाही केला. 'काही राहिलं नाही ना' असं गोड-गोड लिहिलं. तिकीट काढलं. प्रत्येक वेळी तुला एक संधी दिली असं स्वतःला सांगितलं, पण तू ती घेतली नाहीस की आतून बरं वाटायचं. तू खोटी ठरलीस की परख माझी एकटीची झाली असती. तू पंचवीस दिवस गप्प होतीस, आणि मी पंचवीस दिवस मोजत होते.

मग एक दिवस आधी तुझं पत्र आलं, आणि मला आनंद झाला नाही. हे लिहायला लाज वाटते.

भाषण झालं. चांगलं झालं. तिसऱ्या मिनिटाला मागून कोणीतरी 'अठ्ठावन्न' ओरडलं. मी अठ्ठावन्न दिलं. परख शांतपणे म्हणाली, रिकामं नाही. टाळ्या पडल्या. त्या तुझ्या सात ओळी होत्या. मी स्वतःची दुरुस्ती लिहिली होती, बावीस ओळींची, चालत होती, पण तुझी पाहिल्यावर ती ठेवावीशी वाटली नाही.

नंतर एक वयस्कर बाई उठल्या. त्या या भाषेतल्या फार जाणत्या आहेत. म्हणाल्या, या सात ओळींचा क्रम फार सुंदर आहे, आधी जात आणि मग आत, हे कोणाला सुचलं?

मी म्हणाले, मला.

तुझ्यावर सूड म्हणून नाही. तसं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. मला ते हवं होतं, एवढंच. आणि वेळ संपला म्हणून शेवटची स्लाइड दाखवायची राहिली. तुझं नाव कुठंच आलं नाही.

शुक्रवारी व्हिडिओ सगळ्यांना दिसेल. तुला तिथून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहिलं. मीही जेमतेम तीन दिवस आधीच सांगते आहे, बघ. नवी टीम मला मिळाली.

रुचि

•

अर्जुनी मोरगाव, ९ मार्च २०२५

रुचि,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस भांडी आदळत होते. बाबांना वाटलं त्यांचंच काही चुकलं. त्यांनी अंगठा हलवून दाखवला.

तिकडं तू दात घासताना माझी कॉपी बघतेस, हे वाचून आधी फार राग आला, मग खोटं कशाला बोलू, थोडं गार वाटलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी खिडकीच्या आत उभी आहे आणि रस्त्यावरून तुझी वरात चालली आहे. तू वरातीतून माझ्या खिडकीकडे मान वळवून पाहत होतीस हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पण म्हणून माझं जळणं गेलं असं समजू नकोस. 'मला' म्हणालीस ते मला टोचलं आहे आणि ते टोचत राहणार. तुला माझं 'टाक' टोचत राहील. दोघींना आपापलं पुरेल एवढं आहे.

काल एक काम केलं. त्या सात ओळी परखच्या मूळ प्रतीत रीतसर टाकल्या, माझ्या नावानं, तीन फेब्रुवारीच्याच तारखेनं. तारीख बदलता येते, तुला माहीत आहे. बदलली नाही. ज्याला पाहायचं असेल त्याला दिसेल की त्या कोणी लिहिल्या, आणि हेही दिसेल की लिहून किती दिवस दाबून ठेवल्या. कोणी पाहणार नाही. लोक वापरतात, इतिहास कोण वाचतो?

आता व्हिडिओचं. शुक्रवारी मी बघायचा नाही असं ठरवलं होतं, पण तुलसा मावशी सकाळच्या बसनं थेट आमच्या घरी आली. तिला टीव्हीवर लावता येईना म्हणून. मीच लावून दिला. मावशी, आई, खाटेवर बाबा, आणि दारात निर्मलाबाई. सगळे हात जोडल्यासारखे बसले होते. तू निळी साडी छान नेसली होतीस. कोणाला एक अक्षर कळत नव्हतं. तू हसलीस की मावशी हसायची, टाळ्या पडल्या की आई पदर तोंडाला लावायची. त्या बाईंनी विचारलं, तू उत्तर दिलंस. मी टीव्हीच्या बाजूला रिमोट घेऊन उभी होते. मला सगळं कळत होतं. खोलीत मला एकटीलाच कळत होतं.

संपल्यावर मावशी डोळे पुसत चहा टाकायला आत गेली. आई माझ्याकडे वळली. तिला त्या पत्रांतलं काही माहीत नाही, भोकाचं नाही, कशाचंच नाही. पण अर्धा तास ती एकच गोष्ट कान देऊन ऐकत होती हे मला तेव्हा समजलं.

"तुहं नाव घेतलन काय वो तिनं?" म्हणाली. "मले तं आयकू नाही आलं."

निर्मलाबाई दारातून जागच्या हलल्या नाहीत.

मी म्हटलं, "घेतलं ना. दोनदा घेतलं. तिथं ते लोक इंग्रजीत भराभर बोलतात, तुले समजलं नसन."

"असन बाप्पा," आई म्हणाली. मग निर्मलाबाईंकडे बघून जरा मोठ्यानं म्हणाली, "दोनदा घेतलन म्हणते."

परवापासून ती गावभर तेच सांगून राहिली आहे. तुला फोन करणार आहे, स्पीकरवर टाकून. विचारेल. तू हो म्हण.

सोनिका